आश्वासन नव्हे, न्यायालय हवे

युरोपातील माणसाची पत्रे, छायाचित्रे अमेरिकेतील संगणकांत साठवली गेली आणि तेथील गुप्तचर खात्याने ती चाळली, तर दाद कोणाकडे मागायची? एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ साली अमेरिकी पाळतीचे प्रकरण चव्हाट्यावर आणले. त्यानंतर मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियातील कायद्याच्या विद्यार्थ्याने फेसबुकविरुद्ध आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयुक्तांकडे तक्रार केली. आयुक्तांनी चौकशीस नकार दिला. श्रेम्स न्यायालयात गेले.

पुढचा इतिहास बोलका आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘सेफ हार्बर’ ही माहिती-हस्तांतराची व्यवस्था रद्द ठरवली आणि १६ जुलै २०२० रोजी तिच्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ही. पाळत ठेवूच नका, असे न्यायालय म्हणाले नाही. पाळतीला मर्यादा असावी आणि नागरिकाला स्वतंत्र न्यायपीठापुढे जाता यावे, एवढीच त्याची अट होती.

मग २०२२ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी आदेश काढून अशा तक्रारींसाठी एक पुनर्विलोकन न्यायालय निर्माण केले व जुलै २०२३ मध्ये तिसरी व्यवस्था सुरू झाली. फ्रेंच खासदार फिलिप लातोंब यांनी तिला दिलेले आव्हान युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळले. त्यांनी वरिष्ठ न्यायालयात अपील केले.

आमच्या मते लातोंब यांची शंका अनाठायी नाही. एका अध्यक्षाच्या आदेशाने उभे राहिलेले न्यायालय दुसरा अध्यक्ष आदेशानेच मोडू शकतो. पाळतीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी मंडळाच्या तीन सदस्यांना जानेवारी २०२५ मध्ये दूर करण्यात आले आणि तेथे एकच सदस्य उरला. व्यापार अडेल, अशी भीती घातली जाते. ती खोटी नाही. पण कच्च्या पायावरचा व्यापार दर पाच वर्षांनी अडतोच, हे दोन निकालांनी दाखवले आहे.

वाचकहो, आपली कितीतरी मुले-नातवंडे आज युरोपात नोकरी-शिक्षणासाठी आहेत. हा कायदा त्यांचेही रक्षण करतो. इथे मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरवूनही २०२३ च्या कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली. श्रेम्स यांचा प्रश्न आपणही विचारायला हवा: पाळत ठेवणाऱ्यावर पाळत कोणाची?