धुऱ्यावरची भूमिती वर्गात कधी येणार?

जून २०१९ मध्ये महाराष्ट्रात गणितावरून मोठे वादळ उठले होते. इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन सुचवल्यामुळे विधिमंडळापासून घराघरांपर्यंत वाद रंगला आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका पुन:पुन्हा समजावून सांगावी लागली. संख्यांच्या नावांसाठी इतका आग्रह धरणाऱ्या समाजात त्याच पुस्तकातील भूमितीच्या पानांवर मात्र अशी चर्चा कधी झाल्याचे कोणाला आठवणार नाही. त्रिकोण, चौरस, वर्तुळ यांची नावे मुलाला सांगता आली की प्राथमिक शाळेतील भूमिती संपली, असाच एकंदर समज आहे.

या समजाची किंमत काय, हे पाहायचे असेल तर भंडारा जिल्ह्याकडे पाहावे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. येथील कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी जमिनीचा उतार ओळखून बांधलेले तलाव आज माजी मालगुजारी, अर्थात 'मामा' तलाव म्हणून ओळखले जातात. धानाची शेते धुऱ्यांनी विभागलेली. त्यातली एकही बांधी दुसरीसारखी नाही. कुठे कोपरा दबलेला, कुठे कडा वाकलेली. आंधळगावचे कोशाचे वस्त्र विणणारा विणकर किनारीच्या नक्षीत सममिती साधतो, तर गवंडी पायाचा काटकोन दोरीने ३, ४ आणि ५ असे माप घेऊन तपासतो. मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच भूमितीत वाढलेले असते. प्रश्न आहे तो शाळा या अनुभवाचे काय करते, हा.

क्षेत्रफळ हा या जिल्ह्यात आता केवळ परीक्षेचा विषय राहिलेला नाही. धानाला क्विंटलमागे बोनस देण्याची जुनी पद्धत बदलून राज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये हेक्टरी १५ हजार रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे जाहीर केले. पुढील हंगामासाठी ही रक्कम हेक्टरी २० हजार झाली. म्हणजे एका आरामागे २०० रुपये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पेऱ्याचे क्षेत्र शेतकऱ्याने स्वत: मोबाइलवर नोंदवायचे असते. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, बोलण्यात एकर, भावाभावांच्या वाटणीत बांधी आणि धुरा, अशी तीन मापे एकाच घरात नांदतात. त्यांची सांगड घालता आली नाही, तर कागदावर लिहिलेले क्षेत्र बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्यालाच विचारावे लागते.

त्यातला नेहमीचा घोळ एका साध्या उदाहरणाने कळतो. एक बांधी २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. दुसरी ३० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. दोन्हींच्या धुऱ्यावरून एक फेरी मारली तर चालणे ८० मीटरच होते. पण पहिलीचे क्षेत्र चार आर आणि दुसरीचे तीन आर. सारखा धुरा म्हणजे सारखी जमीन, हा समज परिमिती आणि क्षेत्रफळ यांची सूत्रे पाठ करूनही जात नाही. कारण सूत्र येते, पण ते कशाचे मोजमाप करते हे डोळ्यांपुढे उभे राहिलेले नसते.

हा दोष केवळ भंडाऱ्याचा नाही. 'असर'च्या २०२३ च्या अहवालासाठी देशातील ग्रामीण भागात १४ ते १८ वयोगटातील मुलांची पाहणी झाली. पट्टीच्या शून्यावर ठेवलेल्या वस्तूची लांबी सुमारे ८५ टक्के मुलांना सांगता आली. तीच वस्तू शून्यावरून पुढे सरकवताच हे प्रमाण ३९ टक्क्यांवर घसरले. पट्टी वाचणे आणि लांबी मोजणे यांतला फरक यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा आकडा शोधूनही सापडणार नाही. ही मुले आठ-दहा वर्षे शाळेत जाऊन आलेली होती. पट्टी त्यांच्या कंपासपेटीत होती; मोजण्याचा अनुभव नव्हता.

धोरणाच्या पातळीवरही भूमितीची जागा अशीच दुय्यम आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत आकार, अवकाशाची समज आणि मापन हे पायाभूत गणिताचे घटक म्हणून नमूद आहेत. मात्र त्याच अभियानाची गाजावाजा झालेली उद्दिष्टे पाहिली तर पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९९९९ पर्यंतच्या संख्या एवढेच ठसठशीतपणे दिसते. जे मोजले जाते तेच शिकवले जाते, हा शाळांचा अलिखित नियम आहे. साहजिकच वार्षिक नियोजनात भूमितीचा घटक सत्राच्या शेवटी ढकलला जातो आणि वेळ कमी पडला की पहिला बळी त्याचाच जातो.

संख्याज्ञानावरचा भर चुकीचा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या वा उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीच्या मुलांचे गणितातील सरासरी यश ४६ टक्क्यांवर थांबले. अशा परिस्थितीत शिक्षकाने आधी बेरीज-वजाबाकी पक्की करावी, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण भूमिती शिकवताना संख्या बाजूला पडतात, हे त्यामागचे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. अंगणाची लांबी मोजताना मूल मोजते, बेरीज करते, मीटर उरला की सेंटिमीटरकडे वळते आणि दशांशाच्या दारात येऊन उभे राहते. भूमिती हा अंकगणिताचा स्पर्धक नाही. अंकगणिताला अर्थ देणारा तो व्यवहार आहे.

त्यासाठी नियोजनाचा क्रम बदलावा लागेल. डच शिक्षक दांपत्य पिएर आणि डिना व्हॅन हिले यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. मूल आधी आकार नुसत्या दिसण्यावरून ओळखते, मग त्याचे गुणधर्म पाहते आणि त्यानंतर व्याख्येकडे जाते. मधली पायरी गाळून वरची गाठता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. चौरस थोडा फिरवून टोकावर उभा केला की आपल्याकडची मुले त्याला शंकरपाळी म्हणतात, ते याच पहिल्या पायरीमुळे. म्हणून पहिली-दुसरीत व्याख्या नको. घरातला गुंड, डबा, विटेचा तुकडा, चेंडू वर्गात यावेत. कोणती वस्तू घरंगळते, कोणती सरकते, कोणत्या बाजूने ठेवली की स्थिर राहते, हे मुलांनी करून पाहावे. तिसरी-चौथीत कागदाला दोन घड्या घालून काटकोन करावा आणि तो वर्गातल्या खिडकीला, फळीला, वहीला लावून पाहावा. पाठ्यपुस्तकातला गुण्या आणि गवंड्याचा गुण्या एकच, हेही त्याच तासाला कळावे. पट्टी मुद्दाम शून्य सोडून लावायला सांगावी.

पाचवीचा धडा मैदानावरच व्हावा. फक्कीने १० मीटर बाय १० मीटरचा चौरस आखला की तो एक आर झाला. असे १०० चौरस म्हणजे एक हेक्टर. शेजारी ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौरस आखला तर तो एक गुंठा, आणि असे ४० म्हणजे एकर. सातबाऱ्यावरचे आकडे त्या दिवशी मुलांना पायाखाली दिसतील. खर्च म्हणाल तर दोरी, मोजपट्टी आणि मूठभर फक्की.

नियोजन स्थानिक ऋतूचेही हवे. विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. लगेच पाऊस आणि रोवणी सुरू होते. या दिवसांत घड्या, दोरा, आकृतिबंध असे वर्गातले काम व्हावे. दिवाळीनंतर धान निघाले, बांध्या कोरड्या पडल्या की मापन बाहेर न्यावे. पुण्यात छापलेले घटक नियोजन जसेच्या तसे टाचणवहीत उतरवले तर नेमका मैदानाचा धडा चिखलात येण्याची शक्यता अधिक.

ग्रामीण शाळांत एकाच शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसतात, ही अडचण नेहमी पुढे केली जाते. भूमितीच्या बाबतीत तीच सोय ठरू शकते. एकाच दोरीच्या चौकटीभोवती पहिलीचे मूल कोपरे मोजेल, तिसरीचे बाजूंची लांबी घेईल आणि पाचवीचे क्षेत्रफळ काढेल. एवढी मोकळीक बेरजेच्या कार्यपत्रिकेत मिळत नाही. मात्र अशा धड्याची तयारी शिक्षकाला आदल्या दिवशी करावी लागते. माहिती भरण्याच्या आणि सर्वेक्षणांच्या कामातून तेवढा वेळ त्याच्या हाती उरतो का, याचे उत्तर शिक्षकाने नव्हे, प्रशासनाने द्यायचे आहे.

शहरी वाचकाला हा दूरच्या जिल्ह्याचा प्रश्न वाटू नये. सदनिका घेताना चटई क्षेत्र आणि बांधीव क्षेत्र यांतला फरक २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने स्पष्ट करावा लागला, तो सुशिक्षित ग्राहकही फसत होता म्हणूनच. चौरस फुटाचा हिशेब दुसऱ्यावर सोडण्याची सवय बांधीत आणि इमारतीत सारखीच महाग पडते.

राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्या निमित्ताने दोन गोष्टी सहज करता येतील. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर महिन्याला भूमितीचा एक धडा शिक्षकांनी मिळून आखावा. आणि मूल्यमापनात आकृतीचे नाव विचारण्याऐवजी ती मोजायला, घडवायला आणि पडताळायला सांगणारा एक तरी प्रश्न असावा. भंडाऱ्यातील पाचवीचे मूल वडिलांच्या मोबाइलवर ई-पीक पाहणीतला क्षेत्राचा आकडा पाहून 'हा बरोबर आहे का, मोजून पाहू' असे म्हणू लागले, तर भूमितीचा धडा जमला असे खुशाल समजावे.