समुद्राची पाऊणकी

आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर जे कॅलेंडर लटकत असते ते आपण कशासाठी पाहतो? संकष्टी कधी, एकादशी कोणत्या वारी आणि दूधवाल्याने महिन्यात किती खाडे केले, एवढ्यासाठी. त्याच चौकटींत समुद्राचे वेळापत्रकही छापलेले आहे, याची दखल मुंबईसारख्या तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरात फारच थोड्या घरांतून घेतली जाते. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र ते वेळापत्रक तोंडपाठ.

रीत अगदी सोपी. आजची तिथी घ्यावी, तिला तिनाने गुणावे नि चाराने भागावे. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही पंधराव्या तिथी, म्हणून त्या दिवशी सव्वाअकराला. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसा जी वेळ, जवळजवळ तीच रात्रीही. आणि मध्ये सहा तासांवर ओहोटी. ज्या आजोबांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली असेल त्यांना तर कागदपेन्सिलही नको.

यात जादू काही नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग चालते. पाऊणकी पंचेचाळीस मिनिटेच धरते, म्हणजे हिशेब जरा कंजूष आहे. अर्धा तास, कधी तासभरही, चूक पडते. बोट हाकणाऱ्याने अर्थातच छापील कोष्टकच पाहावे. पण चौपाटीवर मुलांना नेणाऱ्याला एवढे पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा येते ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवीतिडवी होते, तेव्हा येते ती भांगाची. उधाणाला पाणी चढतेही फार नि ओसरतेही फार.

आता गंमत पाहा. पावसाळ्यातले आपले समुद्राशी नाते सांगणारे दोन्ही मोठे दिवस, नारळी पौर्णिमा आणि अनंत चतुर्दशी, नेमके उधाणाचे! नारळ वाहायचा तो दर्या शांत व्हावा म्हणून. मासेमारीवरची सरकारी बंदी गेली काही वर्षे १ जून ते ३१ जुलै अशी असते. परंतु समुद्र राजपत्र वाचीत नाही. नैर्ऋत्येचा वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सारा अरबी समुद्र ओलांडून येतो आणि वाटभर लाटा वाढवीत आणतो. त्याचा जोर श्रावण सरता सरता उतरू लागतो.

एक दिलासा मात्र याच वाऱ्यामुळे मिळतो. अमेरिकेकडे अटलांटिक महासागरात वादळांचा हंगाम १० सप्टेंबरच्या सुमारास ऐन भरात असतो. आपल्याकडे त्याच दिवसांत चक्रीवादळ जवळजवळ होतच नाही. कारण खाली वारा नैर्ऋत्येचा आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर उलटा, पूर्वेचा. ढगांची उतरंड रचली जाण्यापूर्वीच तिचा माथा एकीकडे नि पाया दुसरीकडे ओढला जातो. म्हणून आपली वादळे पावसाळ्याच्या आधीची किंवा नंतरची: १९४८ चे नोव्हेंबरातले, जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते. तरी या नियमालाही अपवाद घडलाच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी गुजरातच्या जमिनीवरून आलेले कमी दाबाचे क्षेत्र कच्छजवळ समुद्रात उतरले आणि त्याचे ‘असना’ हे चक्रीवादळ झाले. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात असे १९७६ नंतर प्रथमच घडले. ते ओमानच्या दिशेने गेले, आपण वाचलो.

अनंत चतुर्दशीकडे वळू. चौदाची पाऊणकी साडेदहा. म्हणजे गिरगाव चौपाटीवर संध्याकाळी साडेचार-पाचला ओहोटी, रात्री साडेदहाला पाणी सर्वांत वर, पहाटे पुन्हा ओहोटी आणि उजाडल्यावर पाणी परत चढू लागणार. २०२५ साली लालबागच्या राजाची मिरवणूक ६ सप्टेंबरला निघाली आणि चौपाटीवर पोचली ती ७ तारखेच्या सकाळी आठच्या सुमारास. तिथी पौर्णिमा, आणि तीही साधी नव्हे, त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण! पाऊणकीने भरती सव्वाअकराची. प्रत्यक्षातही ती बाराच्या थोडी अलीकडेच होती. चढत्या पाण्यात मूर्ती नव्या तराफ्यावर चढेना. लाखो डोळे लागलेले, आणि राजा पाण्यात उभा. दुपारनंतर पाणी ओसरले तेव्हा मूर्ती तराफ्यावर आली, आणि विसर्जन झाले रात्री नऊच्या सुमारास. कोणाचे चुकले याची चर्चा पुष्कळ झाली. आम्हांस त्यात पडायचे नाही. चंद्राने मात्र आपली वेळ पाळली होती.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी आणखी एक. या दिवसांत उथळ पाण्यात पाखट वाळूत दडून बसते. २०१३ च्या गणपतीत गिरगावला अनेकांना त्याचे डंख सोसावे लागले. अनवाणी मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नये.

समुद्रापासून दूर राहणाऱ्या परळकरांना वाटेल, आम्हांला भरतीशी काय? तर सर्वांत जास्त त्यांनाच! मुंबई ही सात बेटे जोडून झालेली; वरळीची खिंड अठराव्या शतकात बांध घालून बुजवली आणि मधली खोलगट जमीन वस्तीखाली आली. हिंदमाता हे त्या बशीचे बूड. पावसाचे पाणी नाल्यांवाटे समुद्रात जायचे, पण भरती वर आली की नाल्याचे तोंडच पाण्याखाली जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला अवघा ७३. आणि ऐन सरीत, दुपारी चारच्या सुमारास, मोठी भरती होती. पुढे हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया येथे पंप बसले, हिंदमात्याचे पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या. त्यांचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण २९ ऑगस्ट २०१७ ला, गणपतीच्या पाचव्या दिवशी, भरती भांगाची असूनही दादर-परळ बुडाले, कारण सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर कोसळला होता. तेव्हा नुसती तिथी पाहूनही भागत नाही. साडेचार मीटरांवरच्या भरत्यांची यादी महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी देते. ती कॅलेंडरशेजारी लावावी, आणि त्या वेळेच्या आगेमागे मुसळधार चालू असेल तर मुलांना शाळेतून आणायची घाई करू नये. चारसहा तासांत समुद्रच वाट देतो.

हा अंक हाती असताना पाऊणकीचा पडताळा घेता येईल. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, भरती सव्वाअकराची. म्हणजे दिवेलागणीला चौपाटीवर पाणी दूर मागे गेलेले दिसेल. भाऊबीज द्वितीयेची, दोनाची पाऊणकी दीड. बहीण दादरला शिवाजी पार्काकडे राहत असेल तर जेवायला बसण्यापूर्वी गच्चीतून पाहा, लाटा किनाऱ्याच्या बांधाशी आलेल्या असतील. ओवाळून घेऊन रात्री परत निघाल तेव्हा वाळू मोकळी झालेली असेल.