पाटी कुणासाठी, निकाल कुणासाठी?

अकोला जिल्ह्यातील पातूरच्या नगरपरिषदेवर एक पाटी आहे. वर मराठीत नाव आणि खाली तेच नाव उर्दूत. या खालच्या ओळीला एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली. २०२० साली जिल्हाधिकाऱ्यांनी ती हरकत मान्य केली, पुढच्या वर्षी विभागीय आयुक्तांनी तो हुकूम फिरवला. मग नागपूर खंडपीठ, मग दिल्ली! अखेर १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया व न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला की, पाटीवर मराठी असलीच पाहिजे. पण मराठीच्या जोडीला उर्दू लिहिण्यास २०२२ चा राजभाषा कायदा आड येत नाही. त्या नगरपरिषदेत १९५६ पासून उर्दू वापरात आहे. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितले.

आमच्या वसतिगृहात यावर बरीच खडाजंगी झाली. "आज उर्दू आली, उद्या मराठी जाईल," असे एका मित्राचे म्हणणे. त्याची भीती मी खोटी म्हणणार नाही. परंतु या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, आणि लोक खवळल्यावर जूनअखेर तो रद्द करावा लागला. मराठीला धक्का बसायचा तर तो असा वरून बसतो. पातूरच्या पाटीवरील खालच्या ओळीने नव्हे. शिवाय अर्ज, दावा, वकील, फिर्याद, जामीन, तारीख हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ते काढून टाकले तर त्या हरकतीचा अर्ज तरी कोणत्या भाषेत लिहायचा?

मला निकाल पटला तो आणखी एका कारणाने. भाषा हे विचार पोचविण्याचे साधन आहे, हे न्यायालयाने त्यात धरले आहे. पाटी वाचणाऱ्यासाठी असते, लावणाऱ्यासाठी नसते. मग नम्रपणे विचारावेसे वाटते, निकाल कुणासाठी असतो?

आमच्या घरी बांधाचा एक दावा आहे. तालुक्याला तो मराठीत चालला. आमचे अपील उच्च न्यायालयात गेले आणि तिकडून इंग्रजी कागद आला. वडील म्हणाले, "कॉलेजात जातोस ना? वाच." मी शब्दकोश घेऊन बसलो. 'ॲडमिट' म्हणजे मान्य करणे. तेव्हा अपील मान्य झाले, आपण जिंकलो, असे मी सांगून टाकले. आईने देवापुढे साखर ठेवली. भावकीत बातमी गेली. चार दिवसांनी वकिलाचा कारकून हसत म्हणाला, "अहो, अपील नुसते सुनावणीला घेतले आहे!" वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. पण त्याच कलमात राज्यपालांना, राष्ट्रपतींच्या संमतीने, उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या भाषेला मुभा देता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार येथे हिंदीला ती मिळालेली आहे. मग मुंबईत मराठीला का नको? वेगवेगळ्या प्रांतांतून येणाऱ्या न्यायमूर्तींची अडचण सांगतात, ती खरीही असेल. तसे असेल तर निदान प्रत्येक हुकुमासोबत पक्षकाराला मराठी प्रत द्यावी. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठीत मिळू लागले आहेत. पण बांधाच्या दाव्यातला चार ओळींचा हुकूम कोण भाषांतरित करणार?

दिवाळीच्या सुट्टीत पातूरची हकिकत मी वडिलांना सांगितली. "पाटीसाठी पाच वर्षे?" एवढेच ते म्हणाले, आणि आपल्या अपिलाची तारीख लागली का, ते विचारले.