गाडीवरचे पांढरे डाग

पिण्याचं पाणी आपण गाळून घेतो आणि दारातल्या गाडीवर बोअरचा पाइप अर्धा अर्धा तास सोडतो! ते जड पाणी उन्हात वाळलं की क्षार रंगावर बसतात. मग पॉलिशवाल्याला हजारो रुपये. मी बीकॉम, हा हिशेब मला पटत नाही. व्हिनेगर आपल्या घरात येत नाही. मी चमचाभर लिंबूसत्व तांब्याभर पाण्यात विरघळवलं, सावलीत, थंड पत्र्यावर मऊ फडक्यानं मिनिटभर लावलं, धुऊन लगेच कोरडं पुसलं. डाग गेले. (आधी कोपऱ्यात करून बघा, घासणी मुळीच नको.) रंगात खोल उतरलेले दोन-चार मात्र राहिले. ‘हे’ म्हणतात, रोज धुतल्याशिवाय गाडी चमकत नाही. अहो, रोज धुऊन तशीच वाळू दिल्यानंच तर डाग पडले! आता एक बादली आणि कोरडं फडकं. पाइप माळ्यावर.