टाकीची शिडी कोणी चढायची?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं पापळ हे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांचं जन्मगाव. विलायतेत शिकून आलेल्या भाऊसाहेबांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहू लागली. 1928 साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आदल्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, आणि नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर अमरावतीला येऊन गेले होते. पाणी कोणी प्यायचं, यावर तेव्हा भांडण होतं.

आज वसतिगृहात भांडण असतं ते पाणी आलं की नाही, यावर. ते कसं आहे, हे फारसं कोणी विचारत नाही.

नांदगाव, चांदूर, दर्यापूरकडची पोरंपोरी शिकायला अमरावतीत येतात. शहराला पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचं. ते शुद्ध होऊन निघतं, पण नळ रोज येईलच असं नाही, म्हणून साठवण आली. गोम तिथेच आहे. टाकीत पडून राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो. झाकण फुटकं असलं, तळाला गाळ बसला, वर कबुतरांनी संसार थाटला, की आधी केलेलं शुद्धीकरण गच्चीवर वाया जातं. मग पोट्टे वर्गणी काढून थंड पाण्याची कॅन बोलावतात. गार आहे म्हणजे चांगलं, असा सगळ्यांचा समज. सील नसलेल्या त्या कॅनवर तपासणीची तारीखही नसते.

वास्तविक पाणी तपासणं अवघड नाही. गावोगावचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात: थेंबभर द्रावण टाकलं की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असं भारतीय मानक सांगतं. दुसरी एच-टू-एसची बाटली. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर ते दूषित असण्याची दाट शंका. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना अशा तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. दोनशे पोरांच्या वसतिगृहात असा एकही जण नसावा, हे विज्ञान शाखेला शोभत नाही.

धोका कागदावरचा नाही. जुलै 2022 मध्ये याच जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत दूषित पाण्याने कॉलरा पसरला आणि माणसं दगावली.

विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचा एक दाखला लांबचा आहे. 2009 साली कॅनडातल्या विनिपेग विद्यापीठात विद्यार्थ्यांनी मतदान करून आवारातली बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवायला लावली. तिथे नळावर भरवसा होता, आपल्याकडे तो आधी कमवावा लागेल. त्यासाठी माणसं मात्र तयार आहेत. 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना चालू आहे; दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर. पोरं खेड्यात जाऊन घाम गाळतात, रस्ते झाडतात, बंधारे घालतात. त्या तासांतले चार तास स्वतःच्या वसतिगृहाच्या गच्चीवर का लागू नयेत? शिडी, पंप आणि टाकीत उतरणारा जाणता माणूस संस्थेने द्यावा. तपासणी, नोंदवही आणि पाठपुरावा पोरांनी सांभाळावा. फी घेणाऱ्या संस्थेची जबाबदारी पोरांच्या गळ्यात मारायची नाही, पण तिला ती आठवण करून देणारी वही पोरांच्याच हातात हवी.

पावसाळ्यात गढूळ पाणी आणि नवे प्रवेश एकदमच येतात. यंदा पोराला वसतिगृहात सोडायला जाल तेव्हा खोली, पंखा, मेस सगळं बघा, आणि निघण्याआधी वॉर्डनला टाकी धुतल्याची तारीख विचारा. ती सांगता आली नाही, तर लेखी मागा.