स्पेलिंगची घोकंपट्टी आणि शब्दांचे कूळ

इंग्रजी स्पेलिंगला तर्क नसतो, ते पाठच करावे लागते, ही समजूत मराठी शाळांत खोलवर रुजली आहे. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणणे, एवढ्यावरच स्पेलिंगचे अध्यापन बहुधा संपते. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले आणि हा भार सहा वर्षांच्या मुलावर येऊन पडला. वस्तुतः ही समजूतच अपुरी आहे.

इंग्रजी लेखन हे केवळ उच्चाराचे चित्र नव्हे. शब्दाची घडण आणि त्याचे कूळही ते जपते. सही करणे या अर्थाच्या 'साइन'मधील मुका 'जी' निरर्थक भासतो. पण शेजारी 'सिग्नल' व 'सिग्नेचर' मांडताच तो स्पष्ट ऐकू येतो. तिन्ही शब्दांचे मूळ लॅटिन 'सिग्नुम'. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधील 'बी' कारकुनाला खतावणीतील 'डेबिट'मध्ये रोज भेटतो. भूतकाळाचा 'ई-डी' प्रत्यय 'जम्प्ड'मध्ये 'ट', 'प्लेड'मध्ये 'ड', तर 'वाँटेड'मध्ये 'इड' असा उच्चारला जातो. लेखन मात्र एकच, कारण अर्थ एकच. 'सी-एच'चे तीन उच्चार हीदेखील लहर नव्हे. 'चाइल्ड' हा इंग्रजीचा घरचा शब्द, 'स्कूल' ग्रीक वंशाचा आणि 'मशीन' फ्रेंचमार्गे आलेला.

मराठी मुलाला ही दृष्टी परकी नाही. उपसर्ग, प्रत्यय, तत्सम, तद्भव यांची ओळख त्याला व्याकरणाच्या तासाला होतेच. 'कवी' दीर्घ, मग 'कविमन' ऱ्हस्व का, याचे उत्तरही शब्दाच्या संस्कृत मुळातच सापडते.

अक्षर आणि ध्वनी यांची सांगड आरंभी घालावीच लागेल. व्युत्पत्ती हा तिला पर्याय नव्हे, पूरक होय. शिवाय काही स्पेलिंगे निव्वळ चुकीतून आली, हेही खरे. 'आयलंड'मधील 'एस' लॅटिन 'इन्सुला'शी नसलेले नाते जोडल्यामुळे आत शिरला. परंतु चुकीलाही इतिहास असतो आणि तो सांगितला की स्मरणात राहतो.

यासाठी शिक्षकाला लॅटिन येण्याची गरज नाही. शाळेत व्युत्पत्ती देणारा एक चांगला कोश असावा आणि फळ्यावर एकट्या शब्दाऐवजी त्याचे कुटुंब मांडले जावे, एवढे पुरे. 'साइन'मधला 'जी' गाळणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरविण्यापूर्वी, तो तेथे का आहे हे त्याला कोणी कधी सांगितले होते काय, याचे उत्तर शाळेने आधी द्यावे.