राखीव प्रतीची परीक्षा

लहान कचेरीतील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारल्यास कोणी तिजोरी दाखवील, कोणी नवा संगणक. आमच्या मते त्या संगणकात साठविलेल्या नोंदी या दोहोंपेक्षा मोलाच्या होत. यंत्र बिघडले तर पैसे मोजून दुसरे आणता येते; परंतु वीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची नोंद कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तो दाखला मागावयास दारात उभा राहील, त्या दिवशी ती सापडलीच पाहिजे. म्हणून या नोंदींची राखीव प्रत, जिला व्यवहारात बॅकअप म्हणतात, ती कशी ठेवावी याचा विचार शाळा, पतपेढी, दवाखाना अशा प्रत्येक लहान कार्यालयाने करणे अगत्याचे आहे.

ही कल्पना नवी नव्हे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून लिस्बनला जाणारी महत्त्वाची सरकारी पत्रे एकाहून अधिक प्रतींत लिहीत आणि त्या प्रती निरनिराळ्या जहाजांतून रवाना करीत. एक जहाज बुडाले तरी दुसऱ्यातील पत्र पोहोचावे, हा हेतू. आज मात्र अनेक कचेऱ्यांत मूळ नोंद आणि तिची प्रत एकाच संगणकात, निदान एकाच कपाटात नांदते. म्हणजे सगळी पत्रे एकाच जहाजात! याचा परिणाम मोठ्या सरकारांनाही चुकत नाही. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. त्यात सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचा सुमारे ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. कारण त्याची प्रत अन्यत्र नव्हती.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ३-२-१ हा नियम येथे उपयोगी पडतो. मुळासह नोंदीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील १ प्रत दुसऱ्या जागी असावी. लहान कार्यालयाने दोन सुट्या हार्ड डिस्क घ्याव्यात. आठवड्याआड त्यांची पाळी लावावी, आणि जिची पाळी नसेल ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. शिवाय एक प्रत रोज आपोआप क्लाउडवर जावी. नोंदी लोकांच्या खासगी आहेत, म्हणून प्रत्येक प्रतीला सांकेतिक कुलूप असावे. त्याचा परवलीचा शब्द दोन जबाबदार माणसांना ठाऊक असावा.

डिस्क कायम जोडून ठेवणे आम्हांस धोक्याचे वाटते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने अनेक देशांतील संगणकांतल्या नोंदी कुलूपबंद केल्या. असा प्रोग्राम जोडलेल्या डिस्कवरील प्रतही सोडत नाही. म्हणून काम होताच डिस्क काढावी. तसेच केवळ ताजी प्रत पुरेशी नाही. आज चुकून पुसलेली ओळ उद्याच्या प्रतीतही पुसलेलीच असते. यास्तव काही महिन्यांपूर्वीच्या प्रतीही जपाव्यात.

खर्चाचा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तही आहे. परंतु महागडी व्यवस्था म्हणजे खात्रीची व्यवस्था नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकक्षेत्रातील कंपनीत चुकीने मोठा साठा पुसला गेला. राखीव प्रतींसाठी तेथे अनेक उपाय योजलेले होते. पण ऐन वेळी त्यांतील एकही भरवशाचा निघाला नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली, म्हणून बरेचसे वाचले. त्या उपायांची परीक्षा नियमितपणे कोणी घेत नव्हते.

आमचे स्पष्ट मत असे, की व्यवस्था निवडताना विक्रेत्याला 'जागा किती?' हे नंतर विचारावे. 'गेलेली नोंद परत कशी आणाल आणि किती वेळात?' हे आधी विचारावे. मग दर तीन महिन्यांनी एखादी जुनी नोंद प्रतीवरून खरोखर उघडून पाहावी, आणि तारीख व सही वहीत टिपावी. हे काम नेमून दिलेल्या एका माणसाचे असावे; सर्वांचे काम ते कोणाचेच नसते.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी कचेरी सांभाळील, कोणी दुकान. तेथील नोंदी तुमच्या एकट्याच्या नसतील. त्या विश्वासाने सोपविलेल्या असतील. जी प्रत उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबू नका.